मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल : एका परिचारिकेचा अव्यवस्थेशीं झगडा

हातांत दिवा घेऊन रात्रीच्या वेळीं आजाऱ्यांच्या खाटांमधून फिरणाऱ्या एका बाईंचें चित्र आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं कोठें ना कोठें पाहिलें असेल. त्या बाईंचें नांव मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल. चित्र पाहून असें वाटतें कीं, आजाऱ्याच्या उशाशीं बसून त्याला धीर देणें, एवढेंच त्यांचें काम असावें. परंतु त्यांच्या आयुष्याची खरी हकीकत याहून कठीण आहे. ज्या इस्पितळांत त्यांनीं रात्रंदिवस कष्ट केले, त्याच इस्पितळांत त्यांच्या डोळ्यांदेखत हजारों माणसें मरण पावलीं. आणि तीं बहुतेक शत्रूच्या गोळीनें नव्हे, तर घाणीनें व कारभाराच्या गोंधळानें मेलीं. या दुःखाचें बाईंनीं पुढें काय केलें, हें समजून घेण्यासारखें आहे. खेडोपाडीं अपुऱ्या साधनांनीं सेवा करणाऱ्या आपल्या उपदेशक बंधूंस व परिचारिका भगिनींस तर तें विशेषच उपयोगी पडेल.

जन्म, शिक्षण व पाचारण

बाईंचा जन्म ता. १२ मे १८२० रोजीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं झाला. आईबाप इंग्लंडांतील श्रीमंत घराण्यांतले. ते प्रवासांत असतां ही मुलगी झाली, म्हणून त्या शहराचेंच नांव तिला ठेविलें. वडील विल्यम नाइटिंगेल हे विद्वान गृहस्थ होते. त्यांनीं आपल्या दोन्ही मुलींस घरींच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची फार आवड. आंकडे नीट मांडून त्यांतून सत्य शोधून काढण्याची संवय त्यांना लागली, आणि तीच पुढें त्यांचें मोठें हत्यार झाली.

ता. ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, देवानें आपल्याला त्याच्या सेवेसाठीं बोलाविलें आहे अशी त्यांच्या मनाची खात्री झाली. ती सेवा कोणती, हें मात्र त्या वेळीं कळलें नाहीं. आसपासच्या गरीब कुटुंबांतील आजाऱ्यांकडे त्या जात व त्यांची शुश्रूषा करीत. आणि करतां करतां हेंच आपलें काम, असें त्यांना वाटूं लागलें. १८४५ सालीं सॉल्सबरी गांवच्या इस्पितळांत जाऊन हें काम शिकावें, असा विचार त्यांनीं घरीं बोलून दाखविला. घरांत मोठा कल्लोळ झाला. त्या काळीं इस्पितळांतील दाया बहुधा अशिक्षित असत, पुष्कळ जणी दारूच्या आहारीं गेलेल्या असत, आणि अशा कामाला कुलीन घराण्यांतील मुलगी हात लावील ही कल्पनाही कोणास सहन होत नसे. आजाऱ्याची घाण काढणें व बाळंतिणीचें करणें हें काम आपल्या देशांतही नीच मानून कांहीं ठराविक जातींच्या माथीं मारलें गेलें होतें. तें करणाऱ्यांना काय अपमान सोसावा लागे, हें आपल्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको.

परवानगी मिळाली नाहीं. पुढचीं कित्येक वर्षें पाहुण्यांच्या सरबराईंत व मेजवान्यांत गेलीं, आणि मनाची तळमळ वाढत गेली. एका थोर गृहस्थांनीं विवाहाची मागणी घातली होती. ती १८४९ सालीं त्यांनीं नाकारली. परंतु हीं वर्षें त्यांनीं वायां दवडलीं नाहींत. पहांटे, घरचीं माणसें उठण्यापूर्वीं, दिव्याच्या उजेडांत त्या इस्पितळांविषयींचे व सार्वजनिक आरोग्याविषयींचे सरकारी अहवाल वाचून टिपणें करीत.

पाळक फ्लीडनर यांचें भगिनीगृह

जर्मनींत ऱ्हाइन नदीच्या कांठीं कैझरस्वर्थ म्हणून एक लहानसें गांव होतें. तेथील गरीब प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक थिओडोर फ्लीडनर यांनीं १८३६ सालीं एक भगिनीगृह काढलें. पौलाच्या काळीं किंख्रिया येथील मंडळींत फीबी नांवाची सेविका होती, तशा सेविका पुन्हां मंडळींत तयार व्हाव्या, व त्यांनीं आजारी, अनाथ आणि कैदी यांची सेवा करावी, असा त्यांचा हेतु होता. बाईंनीं हें ठिकाण १८५० सालीं पाहिलें, आणि १८५१ सालीं तीन महिने तेथें राहून काम शिकल्या. जेवण साधें, उठणें पहांटे, काम दिवसभर. वयाच्या एकतिसाव्या वर्षीं त्यांना पहिल्यानें आपल्या पाचारणाप्रमाणें वागावयास मिळालें. एका लहान मंडळीच्या पाळकानें सुरू केलेल्या कामाचें फळ किती दूरवर गेलें, हें यावरून दिसतें.

१८५३ सालीं लंडनमधील हार्ले स्ट्रीट येथील आजारी स्त्रियांच्या एका लहान इस्पितळाच्या त्या मुख्य झाल्या. तेथें जातांच त्यांनीं प्रथम काय मागितलें? प्रत्येक मजल्यावर ऊन पाणी नळानें यावें, व जेवण वर नेण्यासाठीं यंत्राचा पाळणा असावा. परिचारिकेचे पाय जिने चढण्यांत झिजले, तर आजाऱ्याजवळ तिनें उभें राहावें केव्हां, असा त्यांचा विचार होता. तसेंच, फक्त इंग्लंडच्या मंडळीच्या स्त्रियांसच आंत घ्यावें असें कमिटीचें मत असतां, कोणत्याही धर्माच्या व पंथाच्या आजारी स्त्रीस जागा मिळालीच पाहिजे, असा आग्रह त्यांनीं धरला व तो तडीस नेला.

स्कुटारीचें इस्पितळ

१८५४ सालच्या मार्च महिन्यांत इंग्लंड व फ्रान्स यांनीं तुर्कस्तानच्या बाजूनें रशियाविरुद्ध युद्ध पुकारलें. काळ्या समुद्रांतील क्रिमिया नांवाच्या द्वीपकल्पांत लढाई जुंपली. जखमी व आजारी शिपायांना जहाजांतून समुद्रापार, कॉन्स्टॅन्टिनोपल शहरासमोर स्कुटारी येथें आणीत. त्या शहरास आतां इस्तंबूल म्हणतात. तेथील एक मोठी तुर्की लष्करी बराक इस्पितळासाठीं घेतली होती. टाइम्स पत्रानें तेथील हाल प्रसिद्ध केले, तेव्हां इंग्लंडांत एकच हलकल्लोळ उडाला. मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही होते. त्यांनीं बाईंना पत्र लिहून परिचारिकांची तुकडी घेऊन जाण्याची विनंति केली. ता. २१ ऑक्टोबर रोजीं बाई ३८ स्त्रियांसह लंडनहून निघाल्या, व ता. ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं स्कुटारीस पोहोंचल्या. त्या स्त्रियांत रोमन कॅथॉलिक जोगिणी होत्या, इंग्लंडच्या मंडळीच्या भगिनी होत्या, आणि पगारी दायाही होत्या.

इमारतीची स्थिति भयंकर होती. खालून जाणारीं गटारें तुंबलीं होतीं, व त्यांची दुर्गंधि खोल्यांत भरून राहिली होती. भिंती ओल्या, जमीन कुजलेली, उंदीर व उवा यांचा सुळसुळाट. रुग्ण ओळीनें जमिनीवर पडलेले. साबण नाहीं, टॉवेल नाहीं, पुरेशीं भांडीं नाहींत, कपडे धुण्याची सोय नाहीं.

डॉक्टरांना या स्त्रियांचें येणें आवडलें नाहीं. त्यांनीं त्यांना वॉर्डांत बोलाविलेंच नाहीं. बाईंनीं भांडण केलें नाहीं. डॉक्टरांनीं बोलाविल्याखेरीज एकाही परिचारिकेनें वॉर्डांत पाऊल टाकूं नये, असा कडक हुकूम त्यांनीं आपल्याच मंडळीस दिला. बाहेर माणसें कण्हत आहेत, आणि सेवा करण्यासाठीं इतक्या दूर आलेल्या स्त्रिया आंत बसून पट्ट्या व उशा शिवीत आहेत, असे ते दिवस होते. पुष्कळ जणींस हें फार कठीण वाटलें. परंतु बाईंनीं ओळखलें होतें कीं, पहिल्याच दिवशीं अधिकाऱ्यांशीं वैर केलें, तर पुढें कांहींच करतां येणार नाहीं. थोड्याच दिवसांत बालाक्लाव्हा व इंकरमान येथील लढायांतील जखमींचे लोंढे आले, आणि डॉक्टरांनीं आपण होऊन त्यांना हांक मारिली.

कागद चोख आणि माणसें मृत

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. इस्पितळांत वस्तूंचा तुटवडा होता हें खरें, पण पुष्कळदां वस्तु असूनही ती आजाऱ्यापर्यंत पोहोंचत नसे. अन्नधान्याचें खातें निराळें, कपडे व भांडीं पुरविणारी कोठी निराळी, डॉक्टरांचें खातें निराळें. आणि प्रत्येक खात्याचा अधिकारी आपापल्या नियमावर बोट ठेवून बसलेला. नियम असा होता कीं, शिपायानें इस्पितळांत येतांना आपला सदरा, चमचा व सुरी आपल्या पडशींतून बरोबर आणावी. पण क्रिमियांत उतरल्यावर वरिष्ठांच्या हुकुमानेंच शिपायांनीं आपल्या पडशा मागें ठेविल्या होत्या. तरी कोठीवाले नियमावरून हालत ना. सदरा शिपायाजवळ असला पाहिजे असें कागदावर लिहिलें होतें, म्हणून दुसरा मिळत नसे, आणि माणूस रक्तानें माखलेल्या कपड्यांतच पडून राही. पुढें विलायतेहून हजारों सदरे आले, तर पंचांची कमिटी बसून पाहणी केल्याखेरीज गांठोडीं सोडतां येत नाहींत, म्हणून ते तीन आठवडे तसेच पडून राहिले. तिकडे क्रिमियांत हिरड्या सुजून रक्त गळण्याच्या रोगानें शिपाई झिजत होते. त्या रोगावर लिंबाचा रस हा उतारा. तो रस डिसेंबरांतच बंदरांत आला होता; परंतु तो वांटणें हें कोणाचें काम, याचा उलगडा न झाल्यामुळें फेब्रुवारीपर्यंत तो वांटला गेला नाहीं.

कोणी एक दुष्ट माणूस हें घडवून आणीत होता, असें नाहीं. प्रत्येक जण आपला कागद चोख ठेवीत होता, आणि कागद चोख राहून माणसें मरत होतीं.

बाईंना याचा अत्यंत संताप येई. तो त्यांनीं दाबून टाकला नाहीं, आणि वाटेल त्याच्यावर काढलाही नाहीं. जें हातीं होतें तें त्यांनीं आधीं केलें. टाइम्स पत्राच्या वाचकांनीं जमविलेला फंड व स्वतःजवळचा पैसा यांतून त्यांनीं बाजारांतून सदरे, साबण, ब्रश, ताटल्या व चमचे विकत घेतले. एक घर भाड्यानें घेऊन तेथें पाणी तापविण्याच्या मोठ्या हंड्या बसविल्या, आणि शिपायांच्या निराधार बायकांस मजुरी देऊन कपडे धुवून घेतले. आजाऱ्यांसाठीं पेज व रस्सा तयार करण्याच्या निराळ्या चुली मांडल्या. एके वेळीं शेंकडों नवे आजारी येणार, आणि त्यांच्यासाठीं लागणारे वॉर्ड पडक्या स्थितींत, अशी वेळ आली, तेव्हां त्यांनीं आपल्या जबाबदारीवर सुमारें २०० मजूर लावून ते दुरुस्त करून घेतले. मग रात्रीं, सर्वत्र निजानीज झाल्यावर, दिवा घेऊन त्या वॉर्डांतून फिरत. आणि ती फेरी संपल्यावर मंत्री हर्बर्ट यांस लांबलचक पत्रें लिहीत. त्या पत्रांत नुसती रड नसे. कोणतें खातें कोठें अडतें, तें कसें सुधारावें, कोणाकडे कोणतें काम असावें, हें सर्व कलमवार मांडलेलें असे.

गटारें उपसलीं, मृत्यु थांबले

इतकें करूनही मृत्यु थांबेनात. उलट ते वाढूं लागले. १८५५ च्या फेब्रुवारी महिन्यांत तर उपचारासाठीं घेतलेल्या दर १०० रुग्णांपैकीं सुमारें ४२ मेले. सदरे मिळाले होते, पेज मिळत होती, रात्रंदिवस जागणाऱ्या परिचारिका होत्या; तरी प्रेतें बाहेर जातच होतीं.

मार्च महिन्यांत विलायत सरकारनें पाठविलेलें आरोग्य कमिशन येऊन पोहोंचलें. त्यांत डॉ. सदरलंड व इंजिनियर रॉलिन्सन हे मुख्य होते, आणि त्यांस अहवाल लिहून स्वस्थ न बसतां काम ताबडतोब करून घेण्याचा अधिकार होता. त्यांनीं गटारें उपसून धुवून काढलीं, भिंतींस चुना दिला, खिडक्या उघडून हवा खेळती केली, व पाण्याच्या वाटा साफ केल्या. पहिल्या पंधरवड्यांतच ५५६ हातगाड्या व टोपल्या भरून घाण बाहेर काढण्यांत आली, आणि आवारांतील मेलेलीं जनावरें पुरण्यांत आलीं. जून महिना येईतों मृत्यूचें मान दर १०० रुग्णांस सुमारें २ वर आलें. परिचारिका त्याच होत्या, इमारतही तीच होती; घाण मात्र गेली होती.

त्याच वर्षीं मे महिन्यांत बाई क्रिमियांतील इस्पितळें पाहण्यास गेल्या असतां तापानें मरणोन्मुख झाल्या. बऱ्या होतांच पुन्हां कामावर आल्या, व युद्ध संपून इस्पितळ बंद होईपर्यंत त्यांनीं जागा सोडली नाहीं.

घरीं परतल्यावर

१८५६ च्या ऑगस्ट महिन्यांत त्या इंग्लंडास परतल्या. सारा देश त्यांच्या स्वागताची तयारी करीत होता. पण त्या खोटें नांव घेऊन गुपचुप आल्या, आणि स्टेशनावरून पायींच घरीं गेल्या. मेलेल्या शिपायांची आठवण त्यांना स्वस्थ बसूं देईना.

पुढें १८५७ सालीं डॉ. विल्यम फार या आंकडेशास्त्रज्ञाच्या साह्यानें त्यांनीं युद्धांतील मृत्यूंचा हिशेब मांडला. तोंपर्यंत त्यांची समजूत अशी होती कीं, क्रिमियांत उपासमार व थंडी सोसून शिपाई अर्धमेले होऊनच येतात, म्हणून ते वांचत नाहींत. आंकड्यांनीं निराळेंच दाखविलें. बहुतेकांचे प्राण त्या घाणेरड्या इमारतींतील रोगांनीं घेतले होते; आणि लढाईच्या जागेजवळच्या इस्पितळांपेक्षां स्कुटारीसच अधिक माणसें मेलीं होतीं. ज्यांना आपण जिवापाड जपलें, त्यांच्या पायांखालीं मृत्यु वाहत होता व आपल्याला तो दिसला नाहीं, हें कळणें केवढें दुःखाचें! दुसऱ्या कोणी तो कागद पेटींत घालून ठेविला असता. जग त्यांना नांवाजीत होतें; कोणी जाब विचारणार नव्हतें. बाईंनीं तो कागद सरकारपुढें ठेविला. अडाणी माणसासही कळावें म्हणून त्यांनीं महिन्यांच्या पाकळ्या पाडलेलें एक रंगीत चक्र काढलें: टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मेलेल्यांची पाकळी निळी, जखमांनीं मेलेल्यांची तांबडी, इतर कारणांची काळी. निळा रंग इतका पसरलेला दिसे कीं, वेगळें सांगण्याची गरज राहत नसे. १८५८ सालीं लंडनच्या आंकडेशास्त्र संस्थेनें त्यांना सभासद करून घेतलें. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद.

त्यांची प्रकृति कायमची बिघडली होती. पुढचें बहुतेक काम त्यांनीं आजारी अवस्थेंत, खाटेवर पडून केलें. १८६१ सालीं सिडनी हर्बर्ट वारले, आणि युद्धखात्याची सुधारणा अर्धवट राहिली. त्या दुःखानें त्या खचल्या, पण थांबल्या नाहींत. कृतज्ञ जनतेनें दिलेल्या फंडांतून १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा निघाली. तेथें शिकलेल्या अ‍ॅग्नेस जोन्स या बाई १८६५ सालीं लिव्हरपूल शहरांतील निराधारांच्या इस्पितळांत गेल्या. तेथें भिकाऱ्यांची शुश्रूषा भिकारीच करीत व औषधाची दारू स्वतःच पीत. तीन वर्षें झगडून त्यांनीं तें ठिकाण सुधारलें, व १८६८ सालीं तेथील तापानेंच त्यांना मरण आलें.

हिंदुस्थानच्या खेड्यांची काळजी

बाई आपल्या देशांत कधींच आल्या नाहींत. तरी चाळीस वर्षें त्यांनीं आपला विचार केला. १८५९ सालीं हिंदुस्थानांतील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं कमिशन नेमण्यांत आलें. बाईंनीं छावण्या-छावण्यांना प्रश्नांचीं पत्रकें पाठविलीं व उत्तरें तपासलीं. दर हजारीं ६९ शिपाई वर्षाला मरत, असें १८६३ च्या अहवालांत दिसून आलें. पाणी व गटारें सुधारूं लागल्यावर दहा वर्षांत हें मान दर हजारीं १८ पर्यंत उतरलें. पण हें काम करीत असतां त्यांच्या लक्षांत आलें कीं, छावणीच्या भिंतीपलीकडे खेडीं आहेत, आणि तेथें मरणाऱ्यांना कोणी मोजीतही नाहीं.

तेव्हांपासून त्यांची लेखणी रयतेसाठीं चालूं लागली. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याशीं त्यांचा स्नेह होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांनीं खेड्यांच्या स्वच्छतेविषयीं पत्रव्यवहार केला. मुंबई इलाख्यांत खेड्यांच्या आरोग्याचा कायदा १८८९ सालीं झाला, पण त्यासाठीं पैसा कोठून आणावा, हा प्रश्न राहिला. गांवाकडून जो कर घेतात, त्यांतील कांहीं भाग गांवच्या पाण्यावर व स्वच्छतेवर आधीं खर्च व्हावा, अशी मागणी त्यांनीं वृद्धापकाळीं केली. सरकारनें ती मान्य केली नाहीं. स्कुटारींत ज्या कागदी भिंतीवर त्यांनीं डोकें आपटलें होतें, तीच भिंत येथें पुन्हां आडवी आली. तरी खेडुतांवर हुकूम सोडून कांहीं होणार नाहीं, कोणी तरी त्यांच्यांत जाऊन, त्यांच्या भाषेंत, विहिरीचें पाणी व घराभोंवतालची घाण यांविषयीं प्रेमानें समजावून सांगितलें पाहिजे, हें त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या.

हें सांगणें आपल्यास नवें वाटूं नये. छावणी स्वच्छ ठेवावी व मळ मातींत पुरावा, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांतही आहे.

अंत व बोध

बाईंचीं सर्व धर्ममतें आपल्या मंडळीच्या शिकवणीशीं जुळत होतीं असें नाहीं. पण तरुणपणीं ऐकलेल्या पाचारणास त्या नव्वदाव्या वर्षापर्यंत चिकटून राहिल्या. १९०७ सालीं राजानें त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा मान दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तोंपर्यंत त्यांची दृष्टि गेली होती. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजीं त्यांनीं देह ठेविला. राजे व वीर यांना जेथें पुरतात, त्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्यें त्यांना पुरण्याची तयारी सरकारनें दाखविली. परंतु त्यांच्या इच्छेप्रमाणें हॅम्पशायर परगण्यांतील ईस्ट वेलो या खेड्यांतल्या देवळाच्या आवारांत, आईबापांच्या कबरेशीं त्यांना ठेविलें. दगडावर त्यांचें पूर्ण नांवही नाहीं. नांवाचीं दोन आद्याक्षरें व जन्ममृत्यूची नोंद, एवढेंच आहे.

प्रिय वाचकहो, चांगला शोमरोनी जखमी माणसापाशीं थांबला, ही दया पहिली. पण त्या वाटेवर रोजच माणसें लुटलीं जात असतील, तर वाट सुरक्षित करणें हीही दयाच होय. ज्या सरकारी दवाखान्यांत औषध संपलेलें असतें, जेथें एका परिचारिकेवर दहा जणींचें काम पडतें, तेथील आपल्या भगिनींचें मन कडू होणें साहजिक आहे. त्यांनीं आपल्या रागाला पाप समजूं नये. त्याला कामास लावावें. गांवांत जुलाबानें किती मुलें दगावलीं, कोणत्या विहिरीचें पाणी तीं पीत होतीं, औषध कोणत्या तारखेपासून नाहीं, हें वहींत लिहून ठेवावें, आणि पंचायतीपुढें व अधिकाऱ्यांपुढें शांतपणें, पुन्हां पुन्हां मांडावें. उपदेशक बंधूंनीं त्यांच्या पाठीशीं उभें राहावें, आणि येत्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या वस्तीच्या विहिरीजवळील डबकें बुजविण्यासाठीं मंडळीच्या तरुणांस हातीं फावडें देऊन बाहेर काढावें.